इंजिनाचा जोर आणि त्याची राखीव ठेव

चाकण हें नांव उच्चारलें कीं प्रथम फिरंगोजी नरसाळा आठवतो. १६६० सालीं शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें त्यानें तेथील संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजविला. पुढें पुष्कळ वर्षें चाकणची ओळख राहिली ती कांद्याच्या बाजारामुळें. आज त्याच मुलखांत मोटारी तयार होतात. १९६६ च्या सुमारास टेल्कोनें पिंपरीकडे पाऊल टाकलें. आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी आणि टेंपो निघूं लागले. १९९८ च्या अखेरीस पिंपरीची इंडिका लोकांसमोर आली. आणि २००९ सालीं फोक्सवागनचा कारखाना चाकणला सुरू झाला. महिंद्र आणि मर्सिडीझ हेही तेथें शेजारीं येऊन बसले. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत आज अशीं घरें पुष्कळ आहेत, कीं ज्यांतील एखादा तरी माणूस मोटारीच्या कोणत्या ना कोणत्या भागाला रोज हात लावतो.

तेव्हां या भागांतील तरुणांना मोटारीचें वेड असावें यांत नवल नाहीं. पगारांतून हप्ते भरून घेतलेली, बहुधा दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी सुटीच्या दिवशीं सोसायटीच्या आवारांत उभी असते, तिचें बॉनेट उघडें असतें, आणि भोंवतालीं चारपांच मित्र वाकून पाहत असतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: हिचा जोर वाढवावा कसा? या प्रश्नाला उत्तर देणारीं दुकानें शहरांत पुष्कळ आहेत, आणि तीं उत्तरें स्वस्त नाहींत. माझें म्हणणें असें आहे कीं, वापरलेल्या गाडींत आपणांस जो जोर हवासा वाटतो त्यांतला बराचसा नवा मिळवावयाचा नसून हरवलेला परत आणावयाचा असतो. आणि जो खरोखर नवा मिळतो, तो इंजिनाच्या एखाद्या राखीव ठेवींतून काढलेला असतो. ती ठेव कसली, हें समजून घेतल्यावांचून पैशाला हात घालूं नये.

प्रथम जोर येतो कोठून तें पाहूं. सामान्य समजूत अशी कीं तो पेट्रोलांत असतो. ही समजूत खोटी नाहीं, पण अपुरी आहे. चुलींत लांकडें कितीही घातलीं तरी फुंकणीनें वारा घातल्याशिवाय जाळ धरत नाहीं. लोहाराला कोळशाइतकीच भात्याची काळजी असते. इंजिनाचेंही तसेंच आहे. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल अधिक सोडणें सोपें. तें एका लहानशा पंपाचें काम आहे. अवघड आहे तें हवा आंत आणणें. सिलिंडरांत दट्ट्या खालीं सरकतो, झडप उघडते, आणि बाहेरच्या वातावरणाच्या दाबानें हवा आंत शिरते. जितकी हवा शिरेल तितकेंच पेट्रोल नीट जळेल, आणि जितकें जळेल त्या मानानेंच दट्ट्यावर धक्का बसेल. गाडीच्या जोराचा कोणताही उपाय कोणी सुचविला, तर ‘यानें हवा वाढते कशी?’ असा प्रश्न त्यास विचारावा. अर्ध्याअधिक उपायांची परीक्षा तेवढ्यानेंच होते.

एवढ्यावरून आपल्या भागांतील गाड्यांचें एक कोडें उलगडतें. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून अधिक उंचीवर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या मानानें शेंकडा सहा कमी असतो. म्हणून मुंबईस ७५ अश्वशक्ति देणारें साधें इंजिन येथें ७० च्या आसपास देतें. बोरघाट उतरून खोपोलीच्या पुढें गेलें म्हणजे गाडी हलकी झाल्याचा भास होतो. तो निव्वळ भास नाहीं. कोंकणची उष्ण व दमट हवा त्या फायद्यांतला कांहीं भाग परत घेते, ही गोष्ट निराळी.

हवेची ही तूट भरून काढणारें यंत्र म्हणजे टर्बोचार्जर. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोताखालीं एक लहान चक्र फिरतें. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास पंखा असतो, आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतो. दाबलेली हवा तापते व तापलेली हवा विरळ होते, म्हणून वाटेंत ती निवविण्यासाठीं इंटरकूलर नांवाची जाळी बसवितात. या एका युक्तीनें केवढा फरक पडतो याचें उदाहरण चाकणांतच आहे. तेथें बनलेल्या पोलो गाडीला २०२० सालीं दोन पेट्रोल इंजिनें मिळत. दोन्हीं एकाच घराण्याचीं, दोन्हीं तीन सिलिंडरांचीं, दोन्हीं ९९९ घन सेंटिमीटरांचीं. टर्बो नसलेल्याची शक्ति ७६ अश्वशक्ति, तर टर्बो असलेल्याची ११०. टॉर्क म्हणून ज्याला म्हणतात तो चाकाकडे जाणारा पीळ पहिल्याचा ९५ न्यूटन-मीटर, तर दुसऱ्याचा १७५. पुढें टायगुन आणि व्हर्टस या गाड्या आल्या, तेव्हां तेंच एक लिटरचें टर्बो इंजिन ११५ अश्वशक्तीचें झालें. लोखंड वाढलें नाहीं. हवा आणि आंकडे तेवढे बदलले.

हे आंकडे कोठें असतात? इंजिनाच्या संगणकांत. कुर्ल्यास बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळांत शौकीन मनुष्य कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळी, पाते-मापकानें काँटॅक्ट पॉइंटमधील फट मोजी आणि कान लावून इंजिन ऐके. आज स्क्रूच्या जागीं कोष्टकें आलीं आहेत: अमुक फेरे, अमुक हवा, अमुक तापमान असतां किती पेट्रोल सोडावयाचें, ठिणगी केव्हां पाडावयाची, टर्बोला किती दाब देऊं द्यावयाचा. हीं कोष्टकें बदलणें यालाच रिमॅप म्हणतात. त्याकडे आपण येऊंच. पण तत्पूर्वीं हरवलेल्या जोराचा शोध घेणें फायद्याचें आहे, कारण त्याला फारसा खर्च येत नाहीं.

सुरुवात हवेच्या गाळणीपासून करावी. गाडी वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धांवली आणि लिटरमागें पंधरा किलोमीटर पडले असें धरा. म्हणजे हजार लिटर पेट्रोल जळलें. एक लिटर पेट्रोलास सुमारें नऊ घन मीटर हवा लागते. तेव्हां वर्षाला नऊ हजार घन मीटर हवा त्या लहानशा कागदी गाळणींतून गेली. दहा फूट लांब, तितक्याच रुंद व तितक्याच उंच अशा तीनशेंहून अधिक खोल्यांतील ही हवा आहे. आणि ती हवा कोणती? खोदलेल्या रस्त्यांवरची, नव्या इमारतींच्या मातीची, अवजड मालमोटारींच्या मागें चाकण-तळेगांव रस्त्यावर उडणारी. पुस्तकांत गाळणी बदलण्याचें जें अंतर लिहिलेलें असतें तें बऱ्या रस्त्यांचें असतें. धुळीच्या मुलखांत तें निम्म्यावर आणावें, असें बहुतेक पुस्तकांत बारीक अक्षरांत लिहिलेलेंही असतें. गाळणी काढणें म्हणजे चार चिमटे किंवा चार स्क्रू. ती उजेडासमोर धरावी. घड्यांतून उजेड दिसेनासा झाला कीं बदलावी. झटकून वेळ मारून नेतां येते, पण कागद धुवूं नये, आणि वाऱ्याच्या नळीनें जोरानें फुंकूंही नये. सूक्ष्म छिद्रें मोठीं होतात आणि धूळ थेट दट्ट्यापर्यंत पोंचते. आधुनिक पेट्रोल गाडींत चोंदलेल्या गाळणीनें पेट्रोलचा खर्च फारसा वाढत नाहीं, पण पूर्ण जोर मागतांच इंजिन गुदमरतें. म्हणूनच हा दोष लक्षांत येण्यास वेळ लागतो.

याच ठिकाणीं दुकानदार एक उघडी, शंकूच्या आकाराची गाळणी दाखवितो. ती बसविल्यावर बॉनेटखालून शूं असा आवाज येतो, आणि मालकास वाटतें, जोर वाढला. वस्तुतः कारखान्यानें हवेची नळी पुढच्या जाळीपर्यंत नेलेली असते ती थंड हवा मिळावी म्हणून. उघडी गाळणी इंजिनाच्या भोंवतालची तापलेली हवा ओढते. हवा दहा अंशांनीं अधिक तापली कीं ती शेंकडा तीन विरळ होते. म्हणजे गाळणीनें दिलें तें उष्णतेनें नेलें. शिवाय तेल लावलेल्या सुती गाळणीचें तेल हवा मोजणाऱ्या तारेवर बसलें, तर संगणकाचा हिशेबच चुकतो. आवाजासाठीं पैसे खर्च करावयाचे असतील तर माझी हरकत नाहीं; मात्र तो आवाज आहे, जोर नव्हे.

गाळणीनंतर ठिणगीचे प्लग पाहावेत. त्यांचीं टोकें झिजलीं कीं फट वाढते, ठिणगी ओढून आणावी लागते आणि चढावर मधूनच एखादा ठोका चुकतो. प्लग इंजिन पूर्ण थंड असतांनाच काढावे, आणि नवा बसवितांना पहिले सारे आटे बोटांनीं फिरवावे. पान्यानें सुरुवात केली आणि आटा वाकडा धरला, तर ॲल्युमिनियमचें डोकें खराब होऊन काम शेंकड्यांवरून हजारोंवर जातें. मग चाकें. टायरांतील हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं मोजावी. योग्य आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झांकणाच्या आंत लिहिलेला असतो. हवा कमी असली कीं टायर चेंबतो आणि इंजिनाचा जोर रबर मळण्यांत जातो. तसाच ब्रेक. चारपांच किलोमीटर सावकाश फिरून गाडी उभी करावी आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा. लावूं नये, केवळ जवळ न्यावा. इतर तीन कोमट आणि एक भाजणारें असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीं. असा ब्रेक लागलेला असतांना इंजिनाला दोष देणारे लोक मीं पाहिले आहेत.

गेल्या दहाबारा वर्षांतील बहुतेक गाड्यांत सुकाणूखालीं एक खांच असते. तींत काडेपेटीएवढें ओबीडीचें यंत्र बसविलें कीं मोबाइलवर इंजिनाचें तापमान, हवेचें माप आणि दोषांच्या खुणा वाचतां येतात. घरच्या दुरुस्तीसाठीं याहून उपयुक्त वस्तु सध्यां दुसरी नाहीं. उदाहरणार्थ, अर्धा तास चालूनही पाण्याचें तापमान साठपासष्ट अंशांवर रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅटची झडप उघडीच अडकली आहे. असें इंजिन सदैव थंडींतल्यासारखें पेट्रोल पितें. आणि ज्यांत तापमानाचा कांटाच नाहीं अशा गाडीच्या मालकाला तें कधींही कळत नाहीं.

केलेल्या दुरुस्तीचा गुण आला कीं नाहीं हें मनाला विचारूं नये. मन नेहमीं ‘आला’ म्हणतें. कात्रजसारखा एखादा चढ ठरवावा. तितकींच माणसें, तोच गिअर, पायथ्याशीं तोच वेग, आणि माथ्यावर कांटा कोठें आहे हें वहींत लिहावें. पेट्रोलचा हिशेब टांकी काठोकाठ भरून, निदान तीन टांक्यांचा करावा. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आणि २०२५ पर्यंत तें सर्वत्र झालें. आपल्याकडील उसाच्या रसापासून व मळीपासूनही तें इथेनॉल होतें. एक लिटर इथेनॉलांत पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांश उष्णता असते. तेव्हां शंभर लिटरांतील वीस लिटरांमागें तिसरा हिस्सा गेला, म्हणजे शेंकडा सहासात उष्णता कमी झाली. ज्या जुन्या गाडीची सरासरी तेवढीच घसरली आहे, तिच्या इंजिनांत बिघाड शोधीत बसूं नये. मात्र पेट्रोलच्या रबरी नळ्या मऊ झाल्या आहेत काय, त्यांस भेगा आहेत काय, हें जुन्या गाडींत जरूर पाहावें. पेट्रोलचा वास येऊं लागल्यावर पाहणें म्हणजे उशीर झाला.

आतां तेल. तेलाविषयीं मला सर्वांत अधिक सांगावयाचें आहे, कारण टर्बो इंजिनाचा जीव त्यांत आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरांत फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो तेलाच्या एका पातळ पापुद्र्याचा. पुस्तक म्हणतें, पंधरा हजार किलोमीटरांनीं किंवा एका वर्षानें तेल बदला. मोकळ्या हमरस्त्यावर ताशीं साठच्या सरासरीनें पंधरा हजार किलोमीटर म्हणजे अडीचशें तास. पण जो मनुष्य रोज भोसरी, मोशी ओलांडून चाकणच्या तळेगांव चौकांत खोळंबतो, त्याची सरासरी वीसही पडत नाहीं. त्याच्या इंजिनानें त्याच अंतरांत साडेसातशें तास काम केलेलें असतें, तेंही समोरून वारा नसतांना, तापल्या जागीं. तेलाला किलोमीटर कळत नाहींत. त्याला तास आणि उष्णता कळते. अशा गाडीचें तेल सातआठ हजारांवर बदलावें. त्याची किंमत टर्बोच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. कोणतें तेल? पुस्तकांत लिहिलेल्या जातीचें व प्रमाणाचें. जाड तेल म्हणजे चांगलें तेल, हा जुन्या इंजिनांवरून आलेला समज आहे. आजच्या इंजिनांतील फटी पातळ तेलासाठींच आंखलेल्या असतात.

घरीं तेल बदलणें कठीण नाहीं, पण एक गोष्ट मी निक्षून सांगतों. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यासाठीं असतो. त्याच्यावर तोललेल्या गाडीखालीं कोणीही जाऊं नये, क्षणभरही नाहीं. सपाट फरशी, हातब्रेक, मागच्या चाकांना अडण्या, आणि गाडीच्या ठरलेल्या जागीं दोन मजबूत घोडे. विटांवर गाडी ठेवूं नये. वीट सूचना न देतां फुटते. इंजिन दहा मिनिटें चालवून कोमट करावें, खालचें बूच काढून तेल पसरट भांड्यांत घ्यावें, गाळणी बदलावी, तिच्या रबरी कड्याला नव्या तेलाचें बोट लावावें, बुचाची वाटी नवी घालावी, आणि बूच सांगितलेल्या पिळाइतकेंच आवळावें. जुनें तेल बरणींत भरून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे किंवा कार्यशाळेंत द्यावें. तें गटारांत ओतलें कीं पवनेंत नाहींतर इंद्रायणींत जाऊन मिळतें. आळंदीस त्या नदीवर फेंसाचे ढीग सर्वांनीं पाहिले आहेत, त्यांत आपली भर नको.

इतकें केल्यावर बहुतेकांची गाडी नव्यासारखी ओढूं लागते. ज्यांचें समाधान होत नाहीं त्यांच्यासाठीं आतां रिमॅपचा विचार करूं.

टर्बो नसलेल्या इंजिनाचे आंकडे बदलून फारसें पदरांत पडत नाहीं, कारण हवा तितकीच राहते. टर्बोची गोष्ट निराळी. दाब वाढवा म्हटलें कीं हवा वाढते, आणि शेंकडा वीस-पंचवीस जोर खरोखरच वाढतो. दुकानदार म्हणतो, ‘कंपनीनें इंजिनाला कुलूप लावलें होतें, आम्हीं तें काढलें.’ हें वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु कारखान्याच्या अभियंत्यांना हा जोर दिसत नव्हता असें नाहीं. पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून असलेली मोटारींची संशोधन-संस्था, म्हणजे एआरएआय, आणि कारखान्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा येथें इंजिनें डायनामोमीटरवर शेंकडों तास पूर्ण भारानें चालवितात. त्यानंतर अभियंता जो आंकडा लिहितो तो इंजिनाची पराकाष्ठा नसते. तो असा असतो, कीं नागपूरच्या मे महिन्यांत, आडगांवच्या पंपावरचें हलकें पेट्रोल भरून, गाळणी चोंदलेली असतां, चार माणसें आणि सामान घेऊन, दोन लाख किलोमीटर झालेली गाडी घाट चढली तरी कांहीं फुटूं नये. शेतकरी कणगींत बियाणें राखतो त्याला कोणी कुलूप म्हणत नाहीं.

ही ठेव मोडली म्हणजे काय होतें तेंही पाहूं. दाब व उष्णता वाढली कीं ठिणगीनें पेटलेली ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील मिश्रण आपोआप भडकतें. दट्ट्यावर हातोडा बसल्यासारखा हा ठोका असतो. त्यास नॉकिंग म्हणतात. आजच्या इंजिनांत हा ठोका ऐकणारा एक कान बसविलेला आहे. ठोका ऐकूं येतांच संगणक ठिणगी उशिरां पाडतो आणि जोर कमी करतो. म्हणजे दुकानांत सकाळच्या गारव्यांत, उंची पेट्रोलावर कागदावर छापून दिलेला जोर एप्रिलमध्यें दुपारीं आपोआप परत घेतला जातो. ही सौम्य गोष्ट झाली. वाईट तें पुढें आहे: कांहीं लोक तो कानच बधिर करून टाकतात. मग कागदावरचा आंकडा कायम राहतो आणि दट्ट्या जातो. ज्याला जोर वाढवूनच घ्यावयाचा आहे त्यानें दुकानदारास निदान इतकें विचारावें: नॉकिंगचें व तापमानाचें संरक्षण तसेंच ठेवलें आहे ना? मूळ आंकडे जपून ठेवले आहेत ना? तोंडी उत्तरावर समाधान मानूं नये. आधींची आणि नंतरची अशी दोन्ही मापें डायनामोमीटरवर, एकाच दिवशीं घेऊन मागावीं.

इंजिन टिकलें तरी पुढची सांखळी आहे. पोलोच्या जीटी टीएसआय गाडीला जी सात गतींची, कोरड्या क्लचची आपोआप चालणारी डीएसजी पेटी दिली होती, ती २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या पिळासाठीं योजलेली आहे. त्या गाडीचें मूळ इंजिन १७५ चें. तेव्हां मधें बरीच जागा होती. आतां चाकणच्या दीड लिटर इंजिनाच्या गाड्या पाहा. त्यांचें इंजिन १५० अश्वशक्तीचें, पीळ २५०, आणि डीएसजी पेटी त्याच जातीची. म्हणजे कारखान्यानेंच ती मर्यादेपर्यंत नेऊन ठेवलेली आहे. अशा गाडीचा पीळ तीनशेंवर नेणारा मनुष्य इंजिनावर नव्हे, पेटीवर जुगार खेळत असतो. इंजिनाला ठोका ऐकणारा कान तरी आहे. क्लचची झीज मात्र गुपचूप होत राहते, आणि तिचें बिल एकदम येतें.

आणि ब्रेक? गाडीचा वेग शंभरावरून एकशेवीसवर नेला तर थांबविण्यासाठीं जिरवावी लागणारी ऊर्जा शेंकडा चव्वेचाळीस वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. ती सारी उष्णता होऊन तबकड्यांत आणि तेथून ब्रेकच्या द्रवांत जाते. या द्रवाला हवेंतील ओलावा शोषून घेण्याची खोड आहे. डॉट ४ जातीचा द्रव नवा असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. बोरघाट किंवा ताम्हिणी उतरतांना तो उकळला कीं नळ्यांत वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक स्पंजासारखा दबून जातो. दर दोन वर्षांनीं तो बदलावा, असें कारखाने सांगतात. पावसाळी मुलखांत तर चुकवूंच नये. इंजिनावर पन्नास हजार खर्च करणारे आणि चार वर्षें जुन्या द्रवावर घाट उतरणारे लोक या शहरांत आहेत. माझ्या मतें गाडींत सुधारणा करावयाची असेल तर पहिला रुपया चांगल्या टायरांवर, दुसरा ब्रेकच्या पट्ट्यांवर व द्रवावर, आणि उरलें तर इंजिनावर.

कायद्याचेंही दोन शब्दांत सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत बदल करण्यास मर्यादा घालतें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडक लावला. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीं शिक्षा ठेवल्या आहेत. धूर स्वच्छ करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ नळी बसविणें हा तर त्यांतला ढळढळीत प्रकार. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत त्याच्या पुढेंमागें संवेदक असतात, म्हणून दुकानदार त्यांनाही खोटें बोलावयास शिकवितो. विमा कंपनीस न कळविलेला बदल अपघातानंतर कळला, तर भरपाईचा वाद उभा राहतो, आणि वॉरंटी तर गेलेलीच असते.

मग हौस असेल त्यानें काय करावें? तिला जागा आहे. पण ती रात्रीं रिकाम्या झालेल्या नाशिक रस्त्यावर नाहीं आणि द्रुतगति मार्गावरही नाहीं. फोक्सवागननें २०१० सालीं भारतांत पोलो गाड्यांची चषक-शर्यत सुरू केली, तेव्हां चाकणच्या ओळखीच्याच गाडीला लोखंडी पिंजरा, शर्यतीचे टायर आणि वाढविलेला जोर देऊन बंदिस्त मार्गावर पळविलें. तेथेंही इंजिनाची ठेव खर्च होतेच. फरक इतकाच, कीं ती किती झाली याचा हिशेब कोणीतरी ठेवीत असतो. शर्यतीच्या गाडीचें तेल किलोमीटरांवर नव्हे, तासांवर बदलतात. ब्रेकचा द्रव प्रत्येक शर्यतीपूर्वीं ताजा घालतात. आणि ठराविक शर्यती झाल्या कीं चांगलें चालत असलेलें इंजिनसुद्धां उघडून दट्ट्ये, कडीं आणि झडपा मापावर घेतात.